धक्क्याचा कौल

अलीकडे फोन वाजला की तो कुणाचा हे आ-बीतला न बघता कळायचं. फोन मुलाचाच असायचा. आ-याओ समुद्रापलीकडे काओशुंगला, स्क्रू-खिळ्यांच्या कारखान्यात कामाला होता. जेवणाच्या सुट्टीत तो फोन करायचा. "आई, जेवलीस का?" एवढं विचारून झालं की श्वास न घेता पुढचा प्रश्न, "कौल कधी लावणार?"

"सांगितलं की तुला. तिसऱ्या महिन्याच्या प्रतिपदेला."

"कौलाच्या लाकडी फाका तूच टाकणार ना?"

"मानकरी यंदा आपलं घर आहे. मग दुसरं कोण टाकणार?"

"मग नीट टाक बरं का."

"नीट म्हणजे काय रे? ते काय माझ्या हातात असतं?"

"हातातच तर असतं!" असं म्हणून तो हसायचा. त्या हसण्यामागची घाई तिला बरोबर ऐकू यायची. फोन ठेवला की समोरचा भात खाली उतरत नसे.

आनवेई म्हणजे बेटावरच्या मागोंग शहराच्या दक्षिण टोकाची वस्ती. तिथला देव वांग-ये, काळ्या तोंडाचा, डोळे वटारलेला, पण आपल्या माणसांवर माया करणारा. दर वर्षी पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला प्रत्येक घराच्या नावाने कौल लावतात. ज्या घराला देव लागोपाठ सगळ्यात जास्त होकार देईल, ते त्या वर्षीचं मानकरी. देवाचं ऊदपात्र वर्षभर त्या घरात राहतं, आणि गावाला देवाला काही विचारायचं असेल तर त्याच घराने विचारायचं. यंदा देवाने शू घराण्याला, म्हणजे आ-बीतच्या घराला निवडलं. घराचा पुरुष म्हणून नाव आ-याओचं, पण तो काओशुंगला. तेव्हा सगळं आईकडे आलं.

ऊदपात्र घरी आलं त्या दिवशी आ-बीत आनंदाने रडली होती. नवरा गेल्यानंतर घरात इतकी माणसं पहिल्यांदाच जमली होती. महिना सरायच्या आत तिला वाटायला लागलं, देवा, शेजारचं घर का नाही दिसलं तुला?

झालं होतं असं. तैपेईच्या एका कंपनीला आनवेईच्या माळावर मोठं हॉटेल बांधायचं होतं. माळाबद्दल कुणाची तक्रार नव्हती, तिथे निवडुंग आणि शेळ्यांशिवाय होतं काय? पण कंपनीला हॉटेलच्या पाहुण्यांसाठी वेगवान बोटींचा धक्काही हवा होता, आणि आनवेईच्या किनाऱ्याला खोल पाणी एकाच जागी लागतं, देवळाच्या समोर. तिथे वाडवडिलांनी रचलेला दगडी बंधारा आहे, वाकड्या कोयत्यासारखा. भरतीला मासे आत येतात, ओहोटीला अडकतात. बंधारा देवळाच्या मालकीचा. धक्का नाही तर हॉटेल नाही, असं कंपनीने स्वच्छ सांगितलं. देवळाच्या पंचांत निम्मे हो म्हणाले, निम्मे नाही. मग ठरलं, देवालाच विचारू.

आता आ-बीत काही पाहुण्यांच्या नावाने बोटं मोडणारी बाई नव्हती. तिचं निम्मं आयुष्य त्यांच्यावरच चाललं होतं.

ती इथली नव्हे, उत्तरेकडच्या एका लहान बेटावरची. एकोणिसाव्या वर्षी मासेमारीच्या होडीतून वाटभर ओकत ओकत सासरी आली. सासूने आल्या आल्या हातात लोखंडी आकडा आणि टोपली दिली आणि ओहोटीची वेळ सांगितली. इथल्या बायका वाऱ्या-उन्हासाठी सगळं तोंड कापडाने बांधून घेतात, नुसते डोळे उघडे. नवरा पुढे थट्टेने सांगायचा, "लग्नात एकदा तोंड पाहिलं, मग पहिलं पोर होईपर्यंत डोळ्यांशीच संसार केला." तो बंधाऱ्याची डागडुजी करायचा. वादळात दगड ढासळले की कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पुन्हा रचायचा. ती खुबे काढायची, कालवं फोडायची, थंडीत खडकावरचं खायचं शेवाळ खरवडायची.

मग हळूहळू उन्हाळ्यात पाहुणे यायला लागले. मागोंगच्या खाडीवर रात्रीची आतषबाजी सुरू झाली, विमानं भरून माणसं उतरायला लागली. मासे कमी झाले आणि चादरी वाढल्या. आ-बीत चौथ्या महिन्यापासून आठव्या महिन्यापर्यंत शहरातल्या पाहुणेघरांत खोल्या आवरायची. त्या चादरी धुऊनच तिने आ-याओचं शिक्षण केलं, लग्न केलं. पण आठवा महिना संपला की ईशान्येचा वारा सुटतो आणि समुद्राचं खारं पाणी उडवून घरादारावर मारतो. भाजी जळते, लोखंड गंजतं, माणसं घरात बसतात. भाड्याच्या स्कूटरींवर ताडपत्री पडते, दुकानांची शटरं उतरतात. पाच महिने कमवायचं आणि सात महिने वाट बघायची. तरणी पोरं कशी टिकणार? आ-याओ सहा वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे गेला. दोन नाती काओशुंगच्या खुराड्याएवढ्या खोलीत वाढत होत्या आणि आजीशी फोनवर बोलताना आजीचीच बोली अडखळत बोलत होत्या.

त्यात शुए साहेबाने तिला आस लावून ठेवली होती. शुए साहेब म्हणजे वस्तीचा निवडून आलेला प्रमुख, पंचांमध्येही तोच पुढे. कंपनीच्या फान नावाच्या माणसाला घेऊन तो एका दुपारी घरी आला. बरोबर अननसाच्या केकचा डबा. तो डबा त्याने आ-बीतच्या हातात दिला नाही, सरळ ऊदपात्रासमोर ठेवला आणि हात जोडले. देवापुढे ठेवलेलं परत कसं द्यायचं?

"वहिनी, तुमचा आ-याओ बोटीचा परवाना काढून बसलाय ना?" शुए साहेब म्हणाला. "धक्का झाला की त्यावर देखरेखीला माणूस लागणार. बाहेरचा आणायचा की आपला, ते मी ठरवणार. बारा महिन्यांचं काम आहे, सात महिने घरी बसायचं नाही."

"कौलाचं काय व्हायचं ते होईल," ती पुटपुटली.

"होईलच की! देवाला काय गाव ओसाड झालेलं बघायचंय? शाळेत मुलं किती उरली, मोजा. उद्या पालखी उचलायला खांदे कुठून आणायचे?"

हे ऐकून तिच्या काळजात हललं, कारण ते खोटं नव्हतं.

ते दोघे गेले, तोच ल्येन-की आली. ल्येन-की शेजारीण, नवरी होऊन आल्यापासूनची किनाऱ्यावरची जोडीदारीण. जिभेला धार. डबा बघून ती म्हणाली, "केक गोड आहे का गं?"

"उघडला नाही मी."

"उघड की. नाहीतर मुंग्या आधी खातील." मग ती बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ आ-बीत, तुझा पोरगा यावा असं मला वाटत नाही का? मीच त्याची नाळ पुरलीय. पण बंधारा उपसला तर खाली सगळा गाळ सुटेल. खडकावरची कालवं संपतील. आपण काय करायचं मग? हॉटेलच्या दारात उभं राहून तोंड बांधलेले फोटो द्यायचे?"

"मी काही ठरवणार नाहीये. देव ठरवणार आहे."

"तेच म्हणते. देवालाच ठरवू दे," ल्येन-की म्हणाली आणि तिच्याकडे बघत राहिली.

तिचा खरा घोर इथेच होता. कौलाच्या फाका दोन असतात, लाकडाच्या, चंद्रकोरीसारख्या, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. जमिनीवर टाकल्या की एक सपाट एक फुगीर वर आली तर होकार. दोन्ही फुगीर वर, तर नकार. दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसला, म्हणजे प्रश्न नीट नाही. यात हाताची करामत चालत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण टाकणाऱ्याच्या पोटात हाव असेल तर देव कसा बोलतो? हो आला तर गाव म्हणणार, हिने पोरासाठी आणला. नाही आला तर आ-याओ आयुष्यभर म्हणणार नाही काही, पण मनात ठेवील. झोप उडाली. रोज सकाळी ऊदपात्रात उदाच्या तीन काड्या खोचताना तिची नजर वर जाईना.

प्रतिपदेच्या आदल्या दुपारी तिला राहवेना. भरती होती, किनाऱ्यावर कुणी नव्हतं. सायकल मागे उभी करून ती देवळात गेली. देवळाची झाडलोट बघणारे तेंग काका मागच्या पडवीत वेताच्या खुर्चीवर घोरत होते, छातीवर रेडिओ चालू. आ-बीतने काड्या लावल्या, नाव सांगितलं, घर सांगितलं, आणि फाका हातात घेतल्या. आपण करतोय ते चुकीचं आहे हे तिला कळत होतं. गावाचा प्रश्न गावासमोर विचारायचा, आणि एका गोष्टीचा कौल एकदाच. लहान पोरालाही इथे हे माहीत असतं. पण तिला फक्त उद्याची भीती घालवायची होती. आधी कळलं तर उद्या हात तरी कापणार नाही, असं तिने स्वतःला समजावलं.

"देवा, धक्का होऊ दे का? माझा आ-याओ येऊ दे का?"

फाका पडल्या. दोन्ही फुगीर वर.

हात थरथरला असेल, म्हणून तिने पुन्हा टाकल्या. दोन्ही फुगीर वर. तिसऱ्यांदा टाकताना तिने डोळे मिटले होते. उघडले तेव्हा त्या तशाच, दोन कासवं पाठ वर करून बसल्यासारख्या.

तिने फाका उचलून बाहीने पुसल्या आणि जागेवर ठेवल्या. घरी पोचेपर्यंत मात्र मनाने वाट काढली होती. देवाने मला एकटीला नाही म्हटलं. मी पोराचं विचारलं, म्हणून नाही म्हटलं. उद्या गावाचं विचारेन, तेव्हा वेगळं सांगेल. संध्याकाळी आ-याओचा फोन आला. आज त्याचा आवाज फारच उल्हासात होता. "आई, तू उद्या फक्त टाक. बाकी मी बघतो," तो म्हणाला. ती "बरं" म्हणाली. दुपारचं तिने सांगितलं नाही.

सकाळी देऊळ भरलं. वारा थोडा पडला होता, पण खांबांना बांधलेले लाल कंदील एकमेकांवर आपटत होते. पुढे पंच, मागे बायका, अगदी मागे कंपनीचा फान, हात कुठे ठेवावेत ते न कळून एकदा जोडलेले, एकदा खिशात. तेंग काकांनी पंचांनी ठरवलेला प्रश्न मोठ्याने सांगितला: देवळापुढचा बंधारा काढून तिथे बोटींचा धक्का बांधावा का? लागोपाठ तीन होकार आले तर बांधायचा.

आ-बीत गुडघ्यांवर बसली. प्रश्न तिने जसाच्या तसा म्हटला. फाका टाकल्या.

दोन्ही सपाट वर. देव हसला.

लोकही हसले. "वहिनी, देवाला ऐकू नाही आलं, जरा मोठ्याने!" कुणीतरी ओरडलं. तिने मोठ्याने विचारलं. टाकल्या. पुन्हा हसला. आता कमी लोक हसले. तिसऱ्यांदा फाका पडल्या तेव्हा कुणीच हसलं नाही. दोन्ही सपाट अंगं वर करून त्या पडल्या होत्या आणि आ-बीतला वाटलं, काळ्या तोंडावरचे ते डोळे नेमके आपल्याच मानेवर आहेत.

तेंग काका पुढे आले. "देव असा हसत सुटतो तेव्हा दोनच कारणं. प्रश्न कळत नाही, नाहीतर प्रश्न आधीच होऊन गेलाय. प्रश्न तर साधा आहे." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "कुणी आधी विचारलंय का?"

देवळात कुजबुज उठली. शुए साहेब वळला. "काल दुपारी ल्येन-कीला मी देवळाकडून येताना पाहिलं."

"नळावर शेवाळ धुवायला गेले होते!" ल्येन-की तडकली.

"घरी नळ नाही?"

"घरच्या नळाचं बिल तुम्ही भरता का?"

थोडा हशा झाला, पण तो टिकला नाही. "धक्का नको म्हणून बायका गोळा करत हिंडणारी हीच," एक पंच म्हणाला. "देवाला आधीच घोळात घेतलंय हिने."

"तोंड सांभाळून बोल. मी गाभाऱ्याची पायरी चढले नाही."

"मग देव हसतोय कुणाला?"

ल्येन-कीने आ-बीतकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आ-बीत गप्प राहिली तर आज गाव ल्येन-कीला देवळाबाहेर काढील. बोलली तर पुढचाच प्रश्न असणार, मग काय सांगितलं देवाने? क्षणभर मनात आलंच तिच्या. हो म्हणाला असं सांगावं. कोण बघायला होतं? काका घोरत होते. हो म्हणाला म्हटलं तर धक्का होईल, आ-याओ येईल, नाती अंगणात खेळतील. जिभेच्या टोकापर्यंत आलं ते. पण समोर देव बसलेला. त्याच्यासमोर त्याच्याच तोंडी खोटं कसं घालायचं?

"मी विचारलं," ती म्हणाली. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाली, "ल्येन-कीने नाही. काल दुपारी मी येऊन विचारलं."

"वहिनी!" शुए साहेबाच्या तोंडून निघालं.

"मला धीर नव्हता. माझ्या पोराला कामाचं कबूल केलंय, हे सगळ्यांना माहीत आहे. मला हो हवा होता. मी हो मागायलाच आले होते." ती देवाकडेच बघून बोलत होती. "तीनदा टाकलं. तीनही वेळा नाही म्हणाला."

देवळात एकदम गलका झाला. मागच्या बायका काहीतरी बोलायला लागल्या, पंच एकमेकांवर ओरडायला लागले. शुए साहेबाचा चेहरा लाल झाला होता. "हे कशावरून खरं? कुणी पाहिलं? बायकांनी दबाव आणला असेल तिच्यावर! मानकरी म्हणून जे मनाला येईल ते सांगायचं?"

"माझा पोरगा आहे तिकडे," आ-बीत म्हणाली. "मी कशाला नाही म्हणेन?"

"मग देवालाच विचारा," तेंग काका म्हणाले. "धक्क्याचा प्रश्न झाला, तो पुन्हा नाही विचारायचा. हा वेगळा आहे. ही बाई बोलली ते खरं का, एवढंच विचारायचं. तीन होकार."

आ-बीतने फाका पुन्हा उचलल्या. आता देव पुन्हा हसला तर? काल मी केलेल्या आगाऊपणाची शिक्षा म्हणून आज मला सगळ्यांसमोर खोटं पाडलं तर? गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, ऊदपात्र उचलून नेतील. तिने मनात देवाला काहीच सांगितलं नाही. सांगायचं सगळं संपलं होतं.

पहिल्यांदा: एक सपाट, एक फुगीर. दुसऱ्यांदा: एक सपाट, एक फुगीर. कंदील आपटायचे थांबले असावेत, किंवा तिलाच ऐकू येईनासं झालं. तिसऱ्यांदा फाका पडल्या, एक जागेवर बसली, सपाट वर. दुसरी उसळली, कडेवर गरगरत गेली आणि पूजेच्या टेबलाखाली, लाल पडद्याआड शिरली.

कुणी हलेना. तेंग काका गुडघे धरून खाली वाकले, तर शुए साहेब म्हणाला, "तुम्हाला दिवसा माणूस ओळखू येत नाही. मी बघतो."

वस्तीचा प्रमुख, इस्त्रीचा शर्ट घातलेला, देवळाच्या फरशीवर पोटावर आडवा झाला, पडदा वर केला आणि मोबाईलचा टॉर्च आत मारला. त्याचे बूट तेवढे बाहेर दिसत होते. पडद्यामागचा उजेड बराच वेळ एकाच जागी थांबला. आ-बीतच्या मनात आलं, हासुद्धा माझ्यासारखाच. आता याच्याही जिभेवर दुसरंच काहीतरी येत असेल.

"फुगीर," शुए साहेब आतूनच म्हणाला. मग सरपटत बाहेर आला, केसांत कोळिष्टक घेऊन. "फुगीर वर आहे. होकार." आणि कुणी विचारायच्या आत, "कुणाला बघायचं असेल त्याने जाऊन बघा. मी फाकेला हात लावलेला नाही."

कुणी गेलं नाही.

धक्का होणार नाही, हे ठरलं. फानने फोन कानाला लावून आधीच बाहेरची वाट धरली होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बंधारा राहिला म्हणून ज्यांना बरं वाटलं त्यांनीही फार बोलायचं टाळलं, कारण प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी समुद्रापलीकडे होतं. शुए साहेब आ-बीतच्या जवळून जाताना थांबला. राग गिळून झाला होता, नुसता थकलेला दिसत होता. "शेजारच्या वस्तीवाले उद्याच बोलावतील त्यांना," तो म्हणाला. "आणि तिथे माझं काही चालत नाही, वहिनी. आ-याओला तसं सांगा."

घरी जाताना ल्येन-की बरोबर चालत होती, पण हातभर अंतर ठेवून. "काल देवळाच्या मागे तुझी सायकल बघितली होती मी," ती शेवटी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस? तुला चोर ठरवत होते."

"तू बोलतेस का ते बघत होते." एवढं म्हणून ती आपल्या दारात वळली. माफ केलं की नाही, काही कळलं नाही.

आ-बीतने घरात येऊन ऊदपात्रात काड्या लावल्या. आज नजर वर गेली, पण जीव काही हलका झाला नाही. फोन समोर ठेवून ती बसली. आपणच करावा की त्याच्या फोनची वाट बघावी, हे ठरेना. वाक्यं जुळवून बघितली, सगळी मोडली. जेवणाच्या सुट्टीची वेळ व्हायच्या आतच फोन वाजला.

"आई? काय झालं?"

"नाही म्हणाला रे देव." मग तिने सगळं सांगितलं, आदल्या दुपारचंसुद्धा. मध्ये थांबली नाही. थांबली असती तर पुढे सांगता आलं नसतं.

पलीकडून काही आवाज नाही. यंत्रांचाही नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं, ही सुट्टीची वेळ नाही आणि मागे कारखान्याचा खडखडाट नाही.

"तू कुठून बोलतोयस?"

"घरून."

"आज कामावर नाही गेलास?"

"आई," आ-याओ म्हणाला, आणि लहानपणी वाडगा फोडून आल्यावर यायचा तसा आवाज आला, "मी काम सोडलंय. गेल्या आठवड्यातच. शुए काका म्हणाले होते, पक्कं समज. खोलीपण शनिवारपर्यंतच आहे. सामान बांधून ठेवलंय. शनिवारच्या बोटीची तिकिटं काढलीत, चौघांची."

तिने पाठ भिंतीला टेकली. पोर यावं म्हणून एवढा जीव जाळला, आणि आता येतोय तो असा, दोन लेकरांना घेऊन, वारा सरायच्या आधीच, हातात काही नसताना. मोसम सुरू व्हायला अजून अवकाश होता. घरात तांदूळ किती आहे, वरच्या खोलीचं छप्पर गळतं, नातींच्या शाळेचं काय, सुनेला इथलं पाणी मानवत नाही, सगळं एकदम डोक्यात आलं.

"तिकिटं परत करता येतील," तो घाईघाईने म्हणाला. "मी मालकाच्या पाया पडून बघतो. घेतील कदाचित. तू म्हणशील तसं करतो. काय करू, आई?"

तिची नजर ऊदपात्राकडे गेली. फाका तिथे नव्हत्या, त्या देवळात असतात. आणि आता कुणाला काही विचारायचा तिला धीर नव्हता, देवालाही नाही.

"ये," ती म्हणाली.

"इथे येऊन करू काय मी?"

बंधाऱ्याच्या दक्षिण कोपऱ्याचे दगड गेल्या वादळापासून ढासळलेलेच होते, नवरा गेल्यावर कुणी रचले नव्हते. त्यातून घर चालत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिने विचारलं, "तुझ्या पायाचं माप किती रे आता?"

"बेचाळीस. का गं?"

"रबरी बूट घ्यायला लागतील," ती म्हणाली. "इथल्या दुकानात एवढे मोठे असतात की नाही, बघून येते."